नावं संपेपर्यंत

पडद्यावर नावं यायला लागली की आमच्या सोसायटीतली माणसं उठायची. कारण साधं होतं. क्लबहाउसच्या मागच्या टेबलावर सावंतांकडचे गरम बटाटेवडे येऊन पडलेले असायचे आणि फिल्म संपल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही असा मोहितेबाईंचा दंडक होता. फिल्म नक्की संपते कधी, याबद्दल मात्र दोन मतं होती. आमच्या मते चित्र संपलं की संपली. बाईंच्या मते शेवटचं नाव वर सरकून गेलं की संपली. मग काळोखात बाईंचा आवाज यायचा, "नावं संपेपर्यंत कोणी उठायचं नाही." उठलेली माणसं दचकून जागच्या जागी उभी राहायची आणि ती नेमकी प्रोजेक्टरच्या उजेडात. त्यामुळे नावं पडद्यावर कमी आणि चौथ्या मजल्यावरच्या शहाभाईंच्या रुंद पाठीवर जास्त उमटायची.

बाई आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. दारावर 'मोहिते' एवढीच पाटी. त्या मूळच्या महाडकडच्या, परळच्या चाळीतून मीरा रोडला आलेल्या. मिस्टर लवकर गेले, मुलगी लग्न होऊन नाशिकला. त्यांचं पहिलं नाव श्यामला आहे हे मला शेजारी राहूनही कितीतरी वर्षांनी, तेही त्यांच्या गॅसच्या पावतीवरून कळलं. सगळं जग त्यांना बाई म्हणायचं. पावभाजीवालाही बाई म्हणायचा आणि नाशिकचा जावईसुद्धा.

निवृत्त होईपर्यंत त्या दादरच्या एका माहितीपट कंपनीत संकलन करायच्या. म्हणजे कॅमेरावाल्यांनी डोंगरभर फिल्म आणून ओतायची आणि बाईंनी ती कापून, जोडून, बघण्यासारखी करायची. कंपनी कधीच बंद पडली, पण बाईंची सवय सुटली नाही. त्यांच्या घरात विळी नव्हती. भेंडी कात्रीने, कोथिंबीर कात्रीने, नातू आला की त्याची पोळीसुद्धा कात्रीने. फिल्म हाताळताना घालायचे पांढरे सुती हातमोजे उरले होते, ते घालून त्या कुकरचं झाकण काढायच्या. आणि बोलणं मोजायच्या ते फुटांत. रिळाची लांबी फुटांत मोजतात, म्हणून बाईंच्या लेखी सगळ्याच गोष्टी फुटांत होत्या. मी एकदा त्यांना माझ्या नणंदेच्या घरचं रामायण सांगत होते, ते ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "पाचशे फूट बोललीस. त्यातले कामाचे वीस." मला राग आला, पण नंतर घरी जाऊन हिशेब केला तर वीससुद्धा भरेनात.

कंपनीत त्यांच्या वाट्याला आले ते बहुतेक चित्रकारांवरचे माहितीपट. मोठमोठे चित्रकार, त्यांचे मोठमोठे स्टुडिओ. त्यातल्या जुन्या फिल्मा बाईंनी कुठूनकुठून मिळवल्या होत्या आणि महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी त्या आम्हाला क्लबहाउसमध्ये दाखवायच्या. पहिल्या दोन-तीन बघून मला वाटलं, आपण एकच फिल्म परत परत बघतोय. आधी सतार. मग भारदस्त आवाजात चित्रकाराचं घराणं, गाव, वाडवडील. मग चित्रकार खिडकीतून समुद्राकडे बघतो. समुद्र नसला तर झाडाकडे. मग कोऱ्या कॅनव्हासवर पहिली रेघ मारतो. बाई हळूच सांगायच्या, ही पहिली रेघ त्याने चौथ्यांदा मारली आहे बरं का, कॅमेरावाल्याचं फोकस हुकत होतं. आणि मग चहा यायचा.

चहा हा बाईंचा खास विषय होता. प्रत्येक फिल्ममध्ये चित्रकाराच्या शेजारी एक कप येऊन बसायचा. आणणारी दिसायची नाही. दिग्दर्शकांचा हुकूम असायचा की बायको दिसायला नको, बघणाऱ्याचं लक्ष जातं. म्हणून बाईंना तो हात कपाच्या कानापाशी कापावा लागायचा. नीट बघितलं तर एखादी बांगडी चमकून गेल्यासारखी वाटायची, बस्स. आमच्याकडे मग तो खेळच झाला. कप दिसला की पोरंसोरं ओरडायची, "चहा आला." बाईही हसायच्या. पण एका फिल्मला त्या हसायच्या नाहीत.

त्या फिल्ममधला चित्रकार स्फूर्तीसाठी एका पाड्यावर जातो. तिथे एक बाई झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्र काढत असते. मोठा सुरेख भाग होता तो. बारीक काडी, बारीक हात, आणि भिंतीवर सरसर उभी राहणारी माणसं. निवेदक म्हणतो, ही भोळीभाबडी आदिवासी स्त्री. पुन्हा चित्रकाराचं नाव, त्याची प्रेरणा, त्याची साधना. शेवटच्या नावांत चित्रकाराच्या गाडीच्या ड्रायव्हरचंही नाव होतं, भिंतीवर काढणारीचं नव्हतं. बाईंनी तेव्हा दिग्दर्शकाला विचारलं होतं. तो म्हणाला, अहो, कोणी विचारलंच नाही. पुढच्या आठवड्यात फिल्म दाखवायलासुद्धा गेली.

"हात ओळखेन मी तिचा," बाई मला म्हणाल्या होत्या. "कुठेही दिसला तरी ओळखेन. इतक्या वेळा मागेपुढे करून बघितलाय. नाव नाही माझ्याकडे."

हे सांगताना त्यांचा आवाज अगदी सपाट होता. मला मात्र भरून आलं. आपल्या हातून कापल्या गेलेल्या सगळ्यांची नावं त्या मनात धरून बसल्या होत्या, आणि हे नाव तर धरायलाही नव्हतं.

निवृत्तीनंतर बाईंनी ठरवलं की आता आपल्या फिल्मा आपण करायच्या. चित्रकारांवरच, पण इथल्या. मीरा-भाईंदरमध्ये कोण कोण ब्रश हातात धरतं ते बघायचं. नियम त्यांनी आधीच करून टाकले. घराणं नाही, गाव नाही, जात-धर्म काही नाही. सुरुवातीला कोणाचं नावसुद्धा नाही. लोक आडनाव ऐकतात आणि तिथेच बघणं थांबवतात, असं त्यांचं म्हणणं. आधी फक्त हात. नावं शेवटी, सगळ्यांची एकाच मापाच्या अक्षरांत, त्यात चहा देणारीचंही. फिल्मांच्या मालिकेचं नाव 'हात चालू आहेत'.

कॅमेरा होता आमच्या कोपऱ्यावरच्या हितेशचा. हितेश लग्नाचे व्हिडिओ काढायचा, त्यामुळे त्याला कोणीही माणूस दिसला की तो "थोडा स्माइल" म्हणायचा. बाईंच्या फिल्ममध्ये पहिल्या दिवशी त्याने एका चित्रकाराच्या भोवती गुलाबाच्या पाकळ्या पाडून दाखवल्या. कॉम्प्युटरवर. बाईंनी दोन बोटांची कात्री करून हवेत एकदा मिटली. ती खूण पुढे हितेश झोपेतही ओळखायला लागला.

आणि आवाज होता माझा. सगळं आयुष्य विमा कंपनीत गेल्यामुळे मला कुठलाही मजकूर न अडखळता वाचता येतो. बाईंनी माझ्याकडून पानंच्या पानं वाचून घेतली. मी नवी साडी नेसून फिल्म बघायला बसले, तर माझं एकच वाक्य शिल्लक होतं, आणि ते जवळच्या हाटकेश भागात जाणारा रस्ता खराब असल्याबद्दलचं होतं. विचारलं तर म्हणाल्या, आवाज छान आहे गं, पण तू सांगतेस ते दिसतंयच. दर फिल्मला हेच व्हायचं. तरी मी दर वेळी वाचायचे, कारण बाई माझं वाचन डोळे मिटून ऐकायच्या आणि मला वाटतं, काय कापायचं ते त्यांना त्यातूनच कळायचं.

हाटकेशची ती फिल्म अजून लोकांच्या लक्षात आहे. तिथल्या एका गाळ्यात कपड्यांच्या दुकानात उभे करतात ते पुतळे बनतात. रामसजीवन नावाचा एक तरुण त्यांना डोळे काढायचा. दिवसभर डोळे. रांगेने उभ्या असलेल्या आंधळ्या पुतळ्यांना तो एका फटक्यात भुवई आणि तीन फटक्यांत पापण्या द्यायचा. हितेशला एक पापणी नीट मिळाली नाही, म्हणून तो सवयीने म्हणाला, "भैया, एक बार फिर से." रामसजीवनने मुकाट्याने चिंधी उचलली आणि काढलेला सुंदर डोळा पुसून टाकला. बाई खुर्चीतून उठल्याच. बाईंचं हिंदी परळचं होतं. म्हणाल्या, "भैया, तुम अपना काम करो, इसकी तरफ ध्यान मत दो. तुम्हारा डोळा हमने घालवला." त्या दिवसापासून रिटेक बंद. चुकलं तर चुकलेलं राहील, पण आपल्यासाठी कोणी केलेलं काम पुसायचं नाही.

बाईंच्या फिल्मांचा बोभाटा झाला तसा एका महोत्सवाचा कार्यकर्ता त्यांच्याकडे आला. त्याला आपल्या शहरातल्या विविधतेवर फिल्म हवी होती. त्याने सगळा आराखडा करूनच आणला होता. एक मराठी पेंटर, एक गुजराती, एक मुस्लिम, एक उत्तर भारतीय, एक कोळी. प्रत्येकाला एक मिनिट, प्रत्येक जण आपापल्या पोशाखात, आणि शेवटी सगळ्यांनी एका रांगेत उभं राहून हात हलवायचा. बाईंनी त्याला साबुदाण्याची खिचडी खायला घातली, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हात हलवताना ते चित्र कशाने काढणार? तो बिचारा हसला. मग बाईंनी त्याला सांगितलं की ही माणसं आहेत, थाळी नाही, एकेक वाटी भरून मांडायला. तो खिचडी संपवून गेला तो परत आला नाही. पण जाताना एक चांगलं काम करून गेला. त्याच्या यादीतल्या कोळी पेंटरचा पत्ता तो टेबलावर विसरला.

भाईंदर पश्चिमेहून बस घेऊन आम्ही चौकच्या कोळीवाड्यात उतरलो ते मासेमारी बंदीचे दिवस होते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, निळ्या प्लास्टिकच्या छपराखाली. त्यातल्या एका होडीच्या नाळेपाशी, म्हणजे तिच्या पुढच्या टोकाशी, रेजिनामावशी स्टुलावर उभी होती. साठीच्या पुढची, उंच, दणकट, तोंडात एक ब्रश आणि हातात दुसरा. वडील होड्या रंगवायचे, भाऊ बोटीवर निघून गेले, ब्रश हिच्याकडे आला. आजूबाजूच्या किनाऱ्यावरच्या बहुतेक होड्यांची नावं तिच्या हातची. तोंडात ब्रश असतानाही ती अखंड बोलत असायची, आणि बोलता बोलता देवाचं नाव आणि शिवी एकाच श्वासात घ्यायची. बाईंना ती बघताक्षणी आवडली. मला कळलं, कारण बाईंनी फूट मोजणं सोडून दिलं.

रेजिनामावशी काही लगेच तयार झाली नाही. म्हणाली, तू काय करतंस ते मना पयले बगू दे. म्हणून पुढच्या रविवारी ती मीरा रोडला आली, ठेवणीतली साडी नेसून आणि बाईंसाठी सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन. ती पिशवी लिफ्टमध्ये शिरली तेव्हा शहाभाभी हसत हसत जिन्याने गेल्या. त्या दिवशी आम्ही हाटकेशची फिल्म दाखवली. रेजिनामावशी पहिल्या रांगेत बसली आणि रामसजीवनच्या हाताकडे मान पुढे काढून बघत राहिली. मग नावं आली. खुर्च्या करकरल्या, माणसं उठली, बाई ओरडल्या, माणसं थबकली. रेजिनामावशीने मागे वळून पाहिलं. रामसजीवनचं नाव शहाभाईंच्या पाठीवरून चढत चढत निघून गेलं.

वडे खाऊन झाल्यावर तिने बाईंना आपली अट सांगितली. तिचं नाव पयला यायला पायजे. न्हायतर शूटिंग न्हाय.

बाईंनी तिला आपला नियम समजावला. सतार, घराणं, समुद्र, पाड्यावरची बाई, सगळं सांगितलं. माझ्या अंदाजाने तो बाईंच्या आयुष्यातला सगळ्यात लांब तुकडा असावा. रेजिनामावशीने शांतपणे ऐकून घेतलं.

"मी जल्मभर दुसऱ्यांची नावा लिवली," ती म्हणाली. "होडीचा नाव नाळेवर असतं बाय. लांबून लोकांना समजाया पायजे कोन येते ती."

"समजलं कोण ती, की लोक पुढचं बघत नाहीत," बाई म्हणाल्या. "तेच तर मला नको आहे."

"आनि शेवटी लिवला तर? शेवटी बगतो कोन? सगले उटून वडे खातात."

रेजिनामावशी शेवटची बस गाठायला निघून गेली, आणि बाई वर जाऊन बसल्या.

नंतरचे दिवस अवघड गेले. नियम म्हणजे नियम, एवढंच बाई बोलायच्या. इतकी बारीक भेंडी मी आयुष्यात खाल्ली नाही. नारळी पौर्णिमा जवळ येत होती. एकदा होड्या पाण्यात गेल्या की रंगकाम संपलं, मग पुढच्या वर्षीच. आणि बाईंच्या छातीवर ऑपरेशनचा लांब व्रण होता. पुढच्या वर्षाचं त्या कधी बोलायच्या नाहीत, आम्हीही काढत नव्हतो. मला भीती वाटायची की हा हट्ट त्यांची ही फिल्म खाणार.

मग एका संध्याकाळी क्लबहाउसमध्ये सोसायटीची मीटिंग होती. मीटिंग संपून सगळे वड्यांपाशी उभे असताना बाई एकेकाजवळ गेल्या आणि विचारायला लागल्या, तो हाटकेशचा डोळे काढणारा, त्याचं नाव काय? सावंतांना आठवेना. शहाभाई म्हणाले, वो आँखवाला ना, क्या काम करता है. देशपांड्यांनी कपाळाला हात लावून विचार केला आणि त्या पोराच्या पापण्यांची भरपूर तारीफ केली. पापण्या सगळ्यांना आठवत होत्या. नाव एकालाही नाही. बाई माझ्याकडे आल्या. मी वाचलं होतं म्हणून मला माहीत होतं, पण त्यांनी मला विचारलंच नाही.

"मी त्या दिग्दर्शकांसारखंच केलं की गं," त्या म्हणाल्या. "फक्त उलट्या बाजूने."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खाली उतरून हाक मारली की चल, चौकला जायचंय, हितेशला उठव. रिक्षात बसल्यावर मला बजावलं, "ती बरोबर आहे असं तिला सांगू नकोस. डोक्यावर बसेल."

रेजिनामावशीला सांगायची गरजच पडली नाही. कॅमेरा बघून ती काय समजायचं ते समजली. मोडीत निघालेल्या एका होडीची फळी तिने आधीच निळ्या रंगाने रंगवून वाळवत ठेवली होती. म्हणजे बाई येणार याची तिला खात्री होती. बाईंनी हितेशला सांगितलं, ती लिहायला लागली की चालू कर आणि मी सांगेपर्यंत बंद करू नकोस. हितेशने झूमच्या बटणावरचं बोट काढून घेतलं.

पिवळा ऑइलपेंट. मावशीने 'रे' काढला आणि पहिल्यांदाच तिचं बोलणं थांबलं. एकाही अक्षराला ती घाई करायची नाही. अक्षराचं पोट भरायची, मग त्याला बाजूने तांबडी सावली द्यायची, मग पुढचं. आम्ही उभे होतो, प्लास्टिकच्या छपरावर पाऊस पडत होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक बाई आपलं नाव लिहीत होती. बाईंची दोन बोटं एकदाही मिटली नाहीत. नाव झालं, खाली 'चौक' झालं. मला वाटलं संपलं. तर मावशीने ब्रश परत बुडवला आणि मान न वळवता मला विचारलं, हिचा नाव काय गं, सगले बाई बाई करतात. मी सांगितलं. बाई कॅमेऱ्यामागून नको नको म्हणाल्या. मावशीने 'श्या' काढायला घेतलासुद्धा. तेव्हा बाईंनी पुढे होऊन फळीवर हात आडवा घातला, आणि मावशीने ब्रशच्या दांड्याने त्या हातावर चापट मारली.

"हात काड. वला हाय."

बाईंचं तर्जनीचं बोट पिवळं झालं. मावशीने त्यांचं नाव पुरं केलं तेव्हाच ब्रश खाली ठेवला. घरी येताना बसमध्ये बाई ते बोट सांभाळत बसल्या होत्या, आणि मी रॉकेलने पुसून देते म्हटलं तर म्हणाल्या, राहू दे, काय घाई आहे.

होड्या पाण्यात गेल्यावर फिल्म तयार झाली आणि पहिला खेळ चौकलाच झाला, तिथल्या छोट्या हॉलमध्ये, भिंतीवर चादर लावून. मावशी पहिल्या रांगेत. फिल्मची सुरुवात तिच्या नावानेच होती, पूर्ण, एकसुद्धा काप नाही. पडद्यावर अक्षर उमटेल तसा अख्खा हॉल मोठ्याने वाचत होता. 'ना'पर्यंत पोचल्यावर टाळ्या पडल्या. मी मावशीकडे बघितलं. ती रडत होती आणि शेजारणीला त्याबद्दल शिव्या देत होती.

पण फळीवर 'चौक' लिहून झालं आणि चित्र होडीकडे गेलं. 'श्यामला' आलंच नाही. शेवटच्या नावांतही नाही. तिथे बाईंचं नाव कधीच नसायचं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. माझं होतं, एका वाक्याचं निवेदन म्हणून. हितेशचं होतं. सावंतांचं होतं, वड्यांसाठी. दिवे लागले तशी मावशी उठून बाईंसमोर उभी राहिली. तिने विचारलं, खाली तुजा नाव लिवलेला, ते कुठं गेला? बाई म्हणाल्या, कापलं. जोडणाऱ्याचा हात दिसला की जोडकाम बिघडलं, आम्हाला असंच शिकवलंय.

"हात तुजा व्हता. लिवलेला माजा व्हता," मावशी म्हणाली. "माजा काम कापाया तुला सांगितला कोनी?"

हॉलमध्ये खुर्च्या आवरणारी पोरं थांबली. मावशीने बाईंच्या हातात तळलेल्या मांदेली माशांची पुडी ठेवली आणि पाठ फिरवली. राग होता, पण उपाशी पाठवण्याइतका नव्हता.

बस वाटेतल्या डोंगरी गावाच्या चढाला लागेपर्यंत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी तिचंही कापलं गं. मी." मी त्यांचा हात धरला. आमच्यात असं हातबित धरायची पद्धत नव्हती, पण धरला.

बाई गेल्या त्या त्याच हिवाळ्यात, झोपेत, कोणाला हाक न मारता. नाशिकहून मुलगी आली, घर आवरलं, कात्र्या मला दिल्या. चौकहून मावशी आली आणि दारात बसून राहिली, एक शब्द न बोलता. तिचं न बोलणं मला सोसेना. पण बाई आठवल्या की मला तो दिवस दिसत नाही. मला दिसतो त्याच्या आधीचा, डिसेंबरातला रविवार.

त्या दिवशी क्लबहाउसमध्ये चौकची फिल्म होती. बाईंनी हितेशला बसवून काहीतरी जोडून घेतलं होतं, काय ते मला सांगितलं नव्हतं. मावशीला खास बोलावलं होतं. आणि नेहमी प्रोजेक्टरपाशी बसणाऱ्या बाई त्या दिवशी पहिल्या रांगेत मावशीच्या शेजारी बसल्या, फिकट सुती साडीत, हात मांडीवर एकात एक घालून. फिल्म सुरू झाली. रेजिना. चौक. आणि मग चित्र हललं नाही. ब्रश परत बुडला, खाली बारीक 'श्या' उमटला, आणि बाजूने एक सुरकुतलेला हात घाईघाईने चौकटीत शिरला. चापट बसली. "हात काड. वला हाय." सगळं क्लबहाउस हसलं. शहाभाई म्हणाले, अरे, ये तो बाई का हाथ है. हात मागे गेला, बोट पिवळं, आणि चौकटीबाहेरून बाईंचं हसू ऐकू आलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे हात जोडणाऱ्या बाईंचा तेवढाच एक हात, त्यांनी स्वतः ठेवलेला.

फिल्म संपली आणि नावं सुरू झाली. सावंतांचे वडे आले होते, वास सगळीकडे पसरला होता. तरी कोणी उठलं नाही. रेजिना, मग होडीचा मालक, मग हितेश, मी, सावंत. आणि सगळ्यात शेवटी, त्याच मापाच्या अक्षरांत, संकलन, श्यामला मोहिते.

तेव्हा बाईच उठल्या. त्यांना ते सोसलं नसावं. पदर सावरत, वड्यांकडे काहीतरी बघायचं आहे असा बहाणा करत त्या उभ्या राहिल्या, बरोबर प्रोजेक्टरच्या उजेडात. पडद्यावरचं नाव झाकलं गेलं आणि त्यांच्या पाठीवर उमटलं, फिकट साडीवर, अगदी स्पष्ट.

"बाई," शहाभाई मागून म्हणाले, "नावं संपेपर्यंत उठायचं नाही."

बाई दचकून जागच्या जागी थबकल्या, सगळे थबकायचे तशाच. काय झालं ते त्यांना कळेना. त्या वळून बघणार तेवढ्यात मावशीने त्यांचा पदर धरला.

"हालू नको," ती म्हणाली. "वाचतो आमी."